जुना कॅमेरा देणार नाही

अरे,

आई म्हणाल्या होत्या, "कॅमेऱ्याकडे बोट दाखवून सारखं 'बाबा बघ, बाबा बघ' करू नकोस. पोरगी त्यालाच बाप समजून बसेल." मी हसण्यावारी नेलं. तू एवढा लांब कामाला, तुला रोज व्हिडिओ पाठवायचा, मग तिला लेन्सकडे बघायला दुसरं काय सांगणार होते? काल दारात तुला बघून तिनं भोकाड पसरलं आणि पळत जाऊन कॅमेऱ्यालाच मिठी मारली. तू हसलास, पण तुझा चेहरा मी पाहिला.

मी दुकानात चाललेय. बबडी धावायला लागल्यापासून जुन्यात नुसती पुसट येते, म्हणून नवा घेतेच. पण जुना एक्स्चेंजमध्ये देणार नाही, रागावू नकोस. तो आत्ता दिसेनासा झाला तर ती घर डोक्यावर घेईल. एक्स्चेंजची सूट मिळणार नाही, म्हणून तू म्हणालास तो भारीतला राहू दे, साधाच आणते. स्टँड जुना चालेल. जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड मात्र घेते. तू परत गेलास की लागेलच.

हे सगळं काल तोंडानंच सांगायचं होतं. पण इतके महिने मीही त्या लेन्सशीच बोलत आलेय. तू समोर बसलास तर मला काही सुचेचना.

ती आतल्या खोलीत झोपलीय. उठली की तुला बघून रडेल. रडू दे, पण दारातून मागे फिरू नकोस. जरा जाऊन बघ ना तिला.