टाक्यावरच्या दोन ओळी

कास्तेलारो
शनिवार, ३० ऑक्टोबर १९५४

प्रिय ओरेस्तेदादा,

नमस्कार. तिकडे तुम्ही सगळे बरे असाल. वहिनींचा खोकला थांबला का? खाणीतून आलास की आधी छाती शेकत जा, आणि मग पाइप ओढ. उलटं करतोस, मला ठाऊक आहे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले. द्राक्षतोडणी होती हे निमित्त खरं, पण पुरतं खरं नाही. तोडणी छान झाली. गारा खालच्या वाडीवर पडल्या, आपल्याला वाचवून गेल्या. निवडक घड माळ्यावर ताट्यांवर सुकत घातलेत आणि घरभर तोच गोड वास आहे. शिवणकामही भरपूर आहे. या वर्षी आपल्या गावात लग्नं फार.

पण खरी बातमी नाटकाची. आमचे नवे पाद्री, सिल्वानोबाबा, हौशी माणूस आहेत. त्यांनी चर्चच्या दालनात ते जुनं नाटक बसवायचं ठरवलं. तेच, वेरोनातल्या दोन वैरी घराण्यांचं आणि त्यांच्या बिचाऱ्या दोन लेकरांचं. लिहिणारा परदेशी, पण वेरोना आपल्या डोंगराच्या पायथ्याशी, तेव्हा नाटक आपलंच. नट निवडताना बाबांनी भलतीच युक्ती केली. एका घराण्याचे नोकर सगळे आपले बोनेत्ती घेतले, दुसऱ्याचे सगळे फासानी. म्हणाले, "यांना भांडण शिकवायला नको. तेवढाच वेळ वाचेल."

पहिल्याच प्रवेशात नोकर एकमेकांना शाब्दिक कोट्या करून डिवचतात. पुस्तकातल्या कोट्या पहिल्या तालमीला वाचल्या. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आपले बेप्पेकाका सत्तरीचे, पण नोकराचं काम त्यांनाच हवं होतं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, "बाबा, यात हसायचं कुठे ते पेन्सिलीनं खूण करून द्या."

बाबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "नीवेस, गावात तुझ्याइतकी धारदार जीभ कुणाची नाही म्हणतात. तूच लिही आपल्या बोलीत."

मग मी लिहिलं. दुसरा विषय शोधायलाच नको होता. फासानी आणि आपण दोनशे वर्षं कशावरून भांडतोय? झऱ्यावरून. म्हणून पाणीच घेतलं. बेप्पेकाका म्हणणार, "तुम्ही आम्हाला पाण्यात पाहता!" समोरचा म्हणणार, "काय करणार? पाण्याबाहेर तुमची तोंडं धुतलेली दिसतच नाहीत." काका म्हणणार, "पाणी पाजीन तुला!" त्यावर तो, "पाजा की! दोनशे वर्षं झरा अडवून बसलात, एक पेला तरी पाजा." दालनात हशा पिकला. दोन्हीकडचे हसले, आणि हसलो हे लक्षात आल्यावर दोन्हीकडचे गप्प झाले.

तो समोरचा नोकर म्हणजे अत्तीलिओ फासानी.

नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस, दादा. आज इथेच थांबते. एका नवरीचा झगा उद्या सकाळी द्यायचाय.

रविवार

झगा दिला. प्रार्थनेलाही जाऊन आले. आता टाळायला काही उरलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातली तालीम. अत्तीलिओला तलवार उजव्या हातानं उपसायची होती. त्याचा कोपर सरळ होत नाही, का ते तुला सांगायला नको. लाकडी तलवार म्यानातच अडकली. आपल्याकडचं कुणीतरी फिसकन हसलं. फासान्यांपैकी एक जण उठून म्हणाला, "हसा! हात मोडायचा आणि देश सोडून पळायचं, ही बोनेत्तींची मर्दुमकी."

बेप्पेकाकांनी हातातली टोपी जमिनीवर आपटली. "आणि माझा पुतण्या पळाला कुणामुळे? याच्यामुळे! टाक्यावर त्या दोन ओळी खरडल्या नसत्या यानं, तर ओरेस्ते आज माझ्या शेजारी उभा असता!"

त्या ओळी तुला पाठ असतील. मलाही आहेत.

बादल्या भरतो दोन-दोन,
अंगात पाणी शोधेल कोण?

सगळं गाव धुणं धुवायला येतं त्या टाक्याच्या कठड्यावर, कोळशानं, हातभर मोठ्या अक्षरांत. आठवडाभर बायका कपडे आपटायच्या सोडून हसत होत्या. शेंबडी पोरं तुला 'बादल्या' म्हणून हाका मारायला लागली. आणि तू द्राक्षवेलीचा खांब उपटून फासान्यांच्या अंगणात गेलास.

बेप्पेकाका ओरडत होते आणि अत्तीलिओ काही बोलत नव्हता. खाली मान घालून ती तलवार म्यानात सारत होता. तेवीस वर्षं तो हेच करत आलाय. मी पुस्तक घेऊन बाजूला उभी होते, कुणी वाक्य विसरलं तर सांगायला. दादा, मला वाटलं, आता मीच वाक्य विसरलेय.

"काका," मी म्हटलं, "त्या ओळी मी लिहिल्या होत्या."

हो. मी. तुझ्या सख्ख्या बहिणीनं.

आठवतं? त्या वर्षी तोडणीच्या दिवसांत मी अत्तीलिओशी भिंतीआड बोलताना तुला सापडले. तू सगळ्या मजुरांसमोर माझ्या थोबाडीत दिलीस आणि चार दिवस मला माळ्यावर कोंडलंस. आई खालून मक्याची पोलेंता पाठवायची आणि तू म्हणायचास, "एवढी कशाला, तिला आज भूक नसेल." मी एकोणीस वर्षांची होते. मला तुझा हात मोडता येत नव्हता, म्हणून मी यमक जुळवलं. सुटका झाली त्याच पहाटे जाऊन लिहून आले. तुला लाज वाटावी एवढंच हवं होतं. पुढचं डोक्यातही नव्हतं.

अत्तीलिओ तेव्हा खेचराला पाणी पाजायला आला होता. माझ्या हातातला कोळसा त्यानं पाहिला. आणि तू अंगणात खांब उगारून "कुणी लिहिलं?" म्हणून विचारलंस, तेव्हा तो म्हणाला, "मी."

मला तेव्हा बोलता आलं असतं. तू स्टेशनकडे निघालास तेव्हाही. दर नाताळला तुला कार्ड लिहिताना तर दरवेळी. आधी तुझी भीती वाटली, मग आईची, आणि मग इतकी वर्षं होऊन गेली की त्या वर्षांचीच वाटायला लागली. तू आईच्या मातीलाही येऊ शकला नाहीस, दादा. त्यातला माझा वाटा मला ठाऊक आहे.

दालनात बेप्पेकाकांनी मला खालीवर न्याहाळलं. मग खाली वाकून टोपी उचलली, गुडघ्यावर झटकली. "तरीच," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी विचार करत होतो, की फासान्यांना एवढं चांगलं यमक जमलं कसं!"

आधी हसले ते फासानीच. तो मघाशी तावातावानं उठलेला तर बाकावर बसून डोळे पुसत होता.

मी मात्र रडले. अत्तीलिओनं रुमाल दिला, डाव्या हातानं. त्याला विचारलं, "एवढी वर्षं गप्प का बसलास?" म्हणाला, "गुपित तुझं होतं. मी कसं सांगणार?" जणू मी उसना दिलेला विळाच त्यानं जपून ठेवला होता.

नाटक सतराला झालं. पाण्याच्या कोट्यांना बायकांनी बाक बडवले. शेवटी दोन्ही बाप लेकरांच्या कलेवरांवर हात मिळवतात, तिथे सगळं दालन हुंदके देत होतं आणि बेप्पेकाका पडद्यामागून मोठ्यानं म्हणाले, "एवढ्यासाठी दोन पोरं मारायची काय गरज होती? आधी विचारायचं होतं की कुणीतरी!"

मग अत्तीलिओनं विचारलं. तिथेच, पडदे गुंडाळताना. मी बेचाळीसची, तो पंचेचाळीसचा. मी हो म्हटलं. संत मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, लग्न आहे. कामाचा वार आहे, पण नवी वाइन त्याच दिवशी उघडते आणि चेस्टनटही भाजायचेच असतात, म्हणजे वेगळा खर्च नाही. झगा शिवत नाही, करड्या रंगाचा एक नीटस सूट शिवलाय. मी सुखात आहे, दादा. सकाळी शिवणयंत्राशी गाणं म्हणते, शेजारीण भिंत ठोकते.

क्षमा कर, असं लिहून खोडलं. ते तू ठरव, आणि सावकाश ठरव. पण तुला हे बेप्पेकाकांच्या पत्रातून कळावं असं मला नको होतं. माझ्याच अक्षरात कळायला हवं होतं. त्या वेळीही अक्षर माझंच होतं, तुला ओळखू आलं नाही इतकंच.

त्या दिवशी गालावर बसली ती मी विसरले नाही, पण आता दुखत नाही. अत्तीलिओचा हात थंडीत दुखतो. तो म्हणतो, तू आलास तर डावा हात पुढे करीन, तोच बरा आहे. वहिनींना आणि मुलांना हे वाचून दाखव, त्या ओळींसकट. त्यांना हसू आलं तर हसू दे.

तुझी गुन्हेगार, तुझीच धाकटी,
अजून अकरा दिवस बोनेत्ती असलेली
नीवेस