लोहाराच्या शेजारी सुतार

बा, लहानीचं कार्ड आलं म्हणून तुले लिहायले बसलो. चौथीपर्यंत शिकलेल्याचं लिहिणं ते केवढं, पण तुले वाचता येतच नव्हतं, म्हणून चुकायची भीती नाही. ती लिहिते, सडकेवरच्या आपल्या ओळीत आता बारा गाळे झाले. थेट फुलसावंगीहून लोक बैलगाडी बांधून घ्यायले आपल्या बाभुळगावले येतात, अन् ब्लॉकचे साहेब बाहेरगावचे पाहुणे आणून ओळ दाखवतात. गाळ्यापुढं छातीवर हात बांधून उभा कोण राहत असन? तोच, बंजाऱ्याच्या तांड्यावरचा. "दादा, त्यानं चाकावर चढवलेली लोखंडी धाव ढिली होत नाही, लोक तुह्या बापाचा हात म्हणतात त्याच्या हाताले." मी कार्ड चुरगाळलं, मग मांडीवर ठेवून सरळ केलं, पुन्हा वाचलं. तू जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुह्या हाताचं नाव घेतलं की मले तो हात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेलाच दिसते.

मी इथं हावड्याले लोखंडाच्या कारखान्यात आहो. भट्टीतून लाल पट्टी सळसळत निघते, तिले सांडशीनं पकडून पुढं द्यायची. तिच्यातली एखादी फिरत फिरत त्याच्या ऐरणीवर जात असन, असं मनात येते अन् तोंड कडू होते. पाहा ना, ज्याचा आजा बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडला तो एका जागी बसला, अन् ज्याचा आजा ऐरणीपासून हलला नाही तो मी फिरून राह्यलो. तो माह्याच वयाचा. नांगराचा फाळ शेवटायले, धार काढून घ्यायले आला अन् आपल्या भात्यापाशीच राहिला. धाव किती कापायची हे मी तुले किती वेळा विचारलं, तू म्हणायचा, "पाहून शीक." त्याले मात्र जवळ बसवून सांगितलं, "चाकापेक्षा बोटभर लहान काप. तापली की मोठी होते, थंडी झाली की चाकाले आवळते, मंग सोडत नाही." मी भाता ओढत ऐकलं. चोरून ऐकल्यासारखं.

मग ते ब्लॉकचे साहेब आले, नकाशा घेऊन. सडकेच्या कडेले कारागिरांसाठी गाळे बांधायचे होते. भांडण नको म्हणून त्यांनी अक्षरांच्या क्रमानं जागा लिहून आणल्या: लोहार, मग विणकर, मग शिंपी, मग सुतार. तू म्हणाला, "साहेब, लोहार अन् सुताराच्या मंधात हे दोघं काहून घातले? तापलेली धाव मी या दोघायच्या दारापुढून नेऊ काय?"

शिंपीकाका उठलाच. "नेऊन त पाह्य! माह्या दारात आंगरखे टांगले असतात बाप्पा!"

साहेब हसले. "मग चाकच लोहाराकडे न्या की."

"धाव चढ्याच्या आंधी ते चाक नोहे साहेब, नुसते लाकडं हायेत. लोटत नेलं त सांधे उकलतीन. उद्या या, करून दाखोतो."

दुसऱ्या दिवशी सडकेकडच्या पडीक जागेवर पांढऱ्या फक्कीनं गाळे आखले. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली. एका बाजूनं सांडशी माह्या हातात, दुसऱ्या बाजूनं त्या तांड्यावरच्या पोट्ट्याच्या. सगळी बाजारपेठ पाहून राह्यली होती. आम्ही निघालो. विणकराची खूण गेली. शिंप्याच्या खुणेपाशी मी अडखळलो, एक गुडघा टेकला, धाव कलली, त्याची सांडशी निसटली. त्यानं हाताले गुंडाळलेल्या फडक्यानं धाव धरली. फडकं जळालं, तळवा जळाला, पण धाव भुईवर पडू दिली नाही. मी उठेपर्यंत लाल रंग उतरला होता. सुताराच्या चाकावर ती अर्धी बसली अन् अडली. तू घण मारून पाहिला, नाहीच.

साहेब म्हणाले, "हा मुलगा अडखळला म्हणून उशीर झाला, नाही का? नाहीतर बसली असती."

तू माह्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं, तुलेच माहीत. मग म्हणाला, "पायाखाली गोटा आला त्याच्या. सडकेवर गोटे त रोजच येतीन साहेब."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. "तुम्हीच बसा आणि कोण कोणाशेजारी ते मला सांगा." अन् तुम्ही सारे कारागीर निंबाखाली बसले. ज्याले ज्याचं काम पडते तो त्याच्या शेजारी, एवढाच कायदा. लोहाराच्या शेजारी सुतार, सुताराच्या शेजारी गाडीचे चामडी नाडे-जुपण्या करणारा चांभार, शिंपी पार दुसऱ्या टोकाले, धुरापासून दूर. सारं ठरलं अन् कोणीतरी विचारलं, लोहाराचा गाळा कोणाच्या नावानं? तू म्हणाला, "याच्या. यानं तापलेली धाव सोडली नाही."

"अन् पोट्टं तुह्यं?" शिंपीकाकानं विचारलं.

"त्याच्या पायालेच चाक हाये."

सगळे हसले. तो नव्हता हसला, तळव्याले तेल लावत खाली पाहत होता. ते त्याचं न हसणं मले जास्त झोंबलं. चौथ्या दिवशी मी घर सोडलं. तेव्हापासून जिथं राहिलो तिथं सांगत आलो, माह्या बापानं पोटच्याले डावलून परक्याले गाळा दिला. ऐकणारे चुकचुकतात, बरं वाटते.

लहानी विचारते, दादा, एकदा येऊन ओळ पाहून जा. तिले काय लिहू? तुले लिहिलेलं टपालात टाकायचं नाही, म्हणून तुलेच लिहितो. मी अडखळलो नव्हतो. साहेबांपुढं त्याच्या हातून धाव पडावी, त्याची फजिती व्हावी, म्हणून मी गुडघा टेकला. आज लोक पाहायले येतात ती ओळ माह्या त्या जळण्यावर उभी आहे, अन् तिच्यात माह्यासाठी जागा नाही.

ती वाट त्या सकाळी तूच मले झाडायले लावली होती, बा. दोनदा. एकही गोटा नव्हता, अन् हे तुले माहीत होतं.