रस्त्याकडची खोली आसमीनची

मी लालबी अब्दुल शेख, राहणार शिरूर, वय सत्तरीच्या पुढं. जन्म कुणी टिपून ठेवला नाही. बुद्धी शाबूत आहे. वकीलसाहेब म्हणतात, 'कोणाच्याही दबावाविना' असं घालावं लागतं. घाला. दबाव घरी ठेवून आले आहे. डोळे तपासायला जाते सांगून निघाले. मला अक्षर येत नाही, मी सांगते, साहेब लिहितात.

मला दोन मुलं, इनुस आणि अजीम. इनुसची मुलगी आसमीन विद्यापीठात संशोधन करते: बहिणी भावांना जमिनीचा हिस्सा सोडून देतात, त्यात कायदा किती, गरिबी किती, पुढारी किती. पहिली मुलाखत माझीच घेतली.

"दादी, हक्कसोडीवर अंगठा दिला तवा कागद कुणी वाचून दाखवला?"

"वाचणारा भजी खात व्हता गं. भावानं साडी दिली. एकदाच धुतली, रंग गेला."

पुढं तिनं इथल्या पुढाऱ्याच्या घरात बहिणींनी सोडलेल्या जमिनीही मांडल्या. अजीमला त्याच्याकडूनच निवडणुकीचं तिकीट हवंय. पुढारी म्हणाला, "पुतणीला आवरा." तेव्हापासून इनुसचं एकच, "संशोधन बंद, न्हाईतर घर बंद." पोर माझ्यासोबत मागच्या खोलीत बसून आहे.

कलम पहिलं. वारलेल्या नवऱ्यानं रेल्वेत असताना माझ्या नावे घेतलेली दौंडची जागा आणि माझे दागिने दोन्ही मुलांना. पानाचा डबा अजीमला; चुना लावायचं काम तो आधीपासून करतोच.

कलम दुसरं. राहतं घरही माझ्याच नावावर. बाप हयात असल्यानं आसमीन माझी वारस नाही. शरियतीप्रमाणं अशा माणसाला सगळ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येतं. मी पोरीला काही देईन या धास्तीनं इनुस रोज ऐकवतो, "अम्मी, ज्यादा न्हाई." मी कुठं ज्यादा मागते? घराला एकामागं एक तीन खोल्या. रस्त्याकडची आसमीनला, मागच्या दोन मुलांना. रस्त्याकडची महाग, पण दौंडची जागा मुलांकडं गेल्यानं हिशोब बसतो, असं साहेब सांगतात.

रस्त्यावर दार एकच, तेही त्याच खोलीला. मुलांना जायची-यायची वाट तिनं अडवू नये. मुलांनी फक्त कडी वाजवून विचारावं, "आसमीन, येऊ का?" लग्न होऊन आले तेव्हापासून बाहेर पडताना मी विचारतच आले.

हा कागद माझ्या माघारी उघडायचा. तोवर पोरीनं तग धरावा, मी फार उशीर करणार नाही.

सगळं मला वाचून दाखवलं. या वेळी वाचणारा काही खात नव्हता. आता घरी जाते. डोळ्यांचं विचारतील. दिसतंय म्हणून सांगेन.

लालबी अब्दुल शेख, अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: सिंधूबाई गव्हाणे, शेजारीण (सही)
तात्याबा पाचर्णे, दुकानदार (सही)
शिरूर, १४ मार्च २००३