मांजरखडप

२१ नोव्हेंबर १९६३

प्रिय चांगू,

लागोपाठ दोन दिवाळ्या तुझी कार्डं आली आणि दोन्हींना माझं उत्तर गेलं नाही. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल, कारण डायरीचं पान भरायला मला रोज वेळ मिळतो. खरं कारण असं की तुझ्या कार्डात आईसाठी एकही ओळ नसते, आणि उत्तरात तिच्याबद्दल लिहावं की लिहू नये हे मला ठरवता येत नाही. त्यात पत्र राहून जातं. आज सगळं लिहायचं असं ठरवून बसले आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येणार नाही. थोडा धीर धर.

इकडे भातं झोडून झाली. मिठागरांचे फुटलेले बांध घालायचं काम चालू आहे. मोरा बंदराची लाँच अजून तशीच धापा टाकत येते. शाळेला यंदा एक मोठं सागवानी टेबल मिळालं. ते बघायला गावच्या गाव येऊन गेलं. कोंडाजी पाटील त्यावर हात फिरवून म्हणाले, "बाय, यावर पोरांना शिकवनार का निजवनार?" पोरं आठवडाभर हसत होती.

आणि घरात मांजरं फार झाली आहेत. भुरी तेवढी आपली. बाकीची मागच्या पडवीत आणि जुन्या मिठाच्या कोठारात राहतात, ती ना घरची ना रानची. सुकट टाकली की येतात, हात पुढे केला की फिसकारून तिवरांत पळतात. एक विते तोवर दुसरी गाभण असते. आधीची जगली वाचली ती पिल्लंही वर्षाच्या आत तेच करतात. मी तीनेक वर्षं नाना उपाय केले. भुरी माजावर आली की तिला कोठारात कोंडून ठेवलं. ती अशी ओरडली की शेजारी जेवायचे थांबले, आणि बोका कौलं सरकवून आत उतरला. पिल्लं वाटून पाहिली, करंजा गावच्या एका कोळणीनं दोन नेली, पुढं कोणी घेईना. गुरांच्या डॉक्टरांना भेटायला पनवेलला गेले. ते म्हणाले, "बाई, बैल असता तर बघितलं असतं. मांजराला कोण विचारतो?" शेजारच्या सखुबाईला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. मागे कुटुंबनियोजनवाले लोक गाडी घेऊन आले होते ना, तेव्हापासून तिचं एकच चालू असतं: "आदी बाप्यांचं झालं, आता मास्तरीनबाय बोक्यांचं करतंय!"

मीही तिच्याबरोबर हसले. पण चांगू, या घरात पिल्लाचा आवाज झाला की पुढं काय होतं ते सखुबाईलाही ठाऊक आहे. म्हणून ती माझ्याआधी हसायची थांबली.

मांजरखडपाबद्दल तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगते. तू त्यातलं अर्धंच पाहून घर सोडलंस, आणि उरलेलं अर्धं मलाही आत्ता कळलं. खाडीतला तो काळा उंचवटा ओहोटीला बांधावरून चालत गाठता येतो. मांजर मारणं म्हणजे केवढं पाप, काशीला सोन्याची मांजर वाहिल्याशिवाय फिटत नाही, म्हणून आपल्या गावानं कधी मांजर मारली नाही. नकोशी पिल्लं टोपलीत घालायची, वर फडकं, सोबत मूठभर सुकट, आणि टोपली खडपावर ठेवून मागं न बघता यायचं. सोडून दिली, जगतील तर जगोत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भर दुपारी ते खडप पूर्ण बुडतं हे लहान पोरालाही माहीत होतं. पण पाणी भरलं ते दर्यानं, माणसानं काही केलं नाही. गावाचा हिशेब असा चोख होता.

टोपली न्यायला मात्र कोणी तयार नसे, कारण मांजरीच्या तळतळाटानं पोटचं मूल जातं असं सगळ्या मानायच्या. आपला धाकटा सदू गेला त्या वर्षी मी पनवेलला बोर्डिंगात होते, आणि तू त्याच्याहून जेमतेम मोठा, दारात बसून माती खाणारा. सदूच्या तेराव्यानंतर बायका टोपली घेऊन आपल्या दारात आल्या. हे मी सखुबाईच्या तोंडून ऐकलं, ती तेव्हा नवी सून होती आणि घोळक्यात मागे उभी होती. त्या म्हणाल्या, "येसूबाय, तुजं तर देवानं आदीच नेलंय. तुज्याकडून मांजरी आनखी काय नेल?" आई म्हणाली, "माजी दोन हायेत की अजून." ते कोणी ऐकलं नाही. बाबा दोन वर्षांमागेच गेलेले, शेत नाही, आणि मिठागरावर कोणत्या बाईला काम द्यायचं ते त्याच बायकांचे नवरे ठरवत. आईनं टोपली उचलली. पुढं सगळ्या गावाची पिल्लं आपल्याच मागच्या दारी येऊ लागली.

तू डॉक्टर होऊन आलास तेव्हा अंगणात उभं राहून तिला जे बोललास ते मी पुन्हा लिहीत नाही. चूक बोललास असंही मला म्हणता येत नाही. तू त्या टोपलीमागे लपत लपत गेलेला मुलगा होतास, फडक्याखालचा आवाज तू ऐकला होतास. जनावरांचा डॉक्टर तू उगीच झाला नाहीस. मग तू तिच्या पाया न पडता लाँचला गेलास. धक्क्यावर मला म्हणालास, "ताय, हिनं मला कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. हिचा हातच थंड आहे." मलाही आठवत नव्हतं. मी सुट्टीला यायचे तेव्हा ती माझी वेणीसुद्धा सखुबाईकडून घालवायची. तू तापानं फणफणलास तेव्हा कपाळावर पट्ट्या सखुबाईच ठेवत होती. आई उंबऱ्यापलीकडे बसून नुसती बघत होती. मला वाटायचं, सदूबरोबर तिच्यातलं काहीतरी मरून गेलं. शिकलेल्या माणसाला असलं एखादं वाक्य सुचलं की तो पुढं बघत नाही.

गेल्या तीन वर्षांत तिचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. मी तिचं टोपलीचं काम बंद केलं, पण बायकांची सवय गेली नाही. पहाटे मागचं दार उघडावं तर पायरीवर फडक्याखाली वळवळ असते. मी ती पिल्लं ठेवून घेते, म्हणून मांजरं एवढी वाढली. आईला पिल्लाचा आवाज आला की ती रिकामी टोपली घेते आणि खडपाकडे चालू लागते. न्यायला नाही, चांगू, आणायला. "पोरं रडतान गो तिकडं," म्हणते. दार लावून घेतलं तर ती ते नखांनी ओरबाडत राहते. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी भुरी समजून दार उघडलं होतं.

आणि एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण तुझ्यापासून लपवणार नाही. हल्ली भरती चढायला लागली की मीही हातातलं काम थांबवते. वारा तिवरांतून येतो, खडपाच्या कपारीत पाणी शिरतं, त्याचा आवाज होतो, हे मी सातवीच्या वर्गाला समजावून सांगू शकते. तरीही कान देते. एकदा शिकवताना मध्येच थांबले, तर वर्गातली सगळी पोरंही खिडकीकडे बघत होती.

दिवाळीतल्या अमावास्येला सकाळी भुरी व्याली. लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत मी घरोघरी सोरकुलाचा फराळ वाटायला गेले आणि पिल्लांनी सूर धरला. परत आले तर मागचं दार उघडं, टोपली नाही. मी बांधावरून धावत सुटले. पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं आणि खडपाचा माथा तेवढा उरला होता. त्यावर आई बसली होती. कपारीत अडकलेल्या नारळाच्या सोडणांचे तुकडे ती एकेक उचलून पदरानं पुसत होती आणि टोपलीत ठेवत होती. मागून सखुबाई आणि तिचा नवरा होडी घेऊन आले म्हणून आम्ही दोघी आहोत. मी तिला ओढायला गेले तर तिनं हात झटकून मागे घेतला आणि ओरडली, "शिवू नको मना! अजून सगली न्हाय मिलाली." होडीत मी रागानं विचारलं, काय करणार आहेस ही सगळी नेऊन? ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "सगली परत आनली का मी मोकली. मंग चांग्याला हात लावीन."

त्यानंतर मी सखुबाईला समोर बसवून सगळं विचारलं. सदूच्या वेळचं तेव्हाच कळलं. आणि हेही की पहिली टोपली ठेवून आल्यावर आई तिला म्हणाली होती, "ह्ये हात आता माज्या पोरांना लावायचे न्हाय." मला बोर्डिंगात ठेवून घेण्यासाठी ती का भांडली, तू मुंबईला कायमचा गेलास त्या रात्री ती पोटभर का जेवली, हे मला आता समजल्यासारखं वाटतं. सखुबाईला ती म्हणाली होती, "लांब हाय, तवर जिता ऱ्हाईल." मी हे सारं माझ्या सोयीनं जुळवत नाही ना, असं मी स्वतःला रोज विचारते. तुला परत आणायला मला एखादी चांगली गोष्ट हवी होती, हे खरंच आहे. पण होडीतलं तिचं वाक्य माझं नाही. ते मी जुळवलेलं नाही.

म्हणून हे पत्र. तुझ्या पहिल्या कार्डात तू लिहिलं होतंस की पारशिणी त्यांच्या मांजरी घेऊन तुझ्याकडे येतात, तू भूल देऊन पिशवी काढतोस, टाके घालतोस आणि पुन्हा त्या विण्याची भानगड राहत नाही. चांगू, तुझी ती पेटी घेऊन ये. त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाआधी ये. भुरीला पिल्लं अंगावर आहेत, तिचं नंतर बघ, पण कोठारातल्यांपासून सुरुवात कर. कोंबड्यांची डालगी काठीवर तोलून खाली सुकट ठेवली की त्या सापडतात, मी दोनदा करून पाहिलं आहे. त्यांना आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवीन, पाणी उकळून ठेवीन, सखुबाई दिवा धरायला कबूल झाली आहे. गावाला हसू दे. आई तिथं बसून बघेल. खडपावर आता एकही टोपली जाणार नाही, हे मी सांगून तिला पटत नाही, कारण तिच्या मागच्या दारात मांजर रोज विते. तुझ्या हातून झालेलं तिला दिसलं तर कदाचित पटेल. नाहीही पटणार, मी खात्री देऊ शकत नाही. पण पटलं आणि तिनं हात पुढे केला, तर तू मागे सरू नकोस एवढंच मागते. तिचा हात थंड नाही. होडीतून उतरताना तोल जाऊन तिनं माझा दंड धरला होता, तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुझीच,
कमळताय

डायरी, उद्या: चांगूच्या कामासाठी शाळेचं मोठं टेबल सोड्यानं घासून उन्हात ठेवणे.