तांदूळ उसवणार नाही

रायस्वाइक, नेदरलँड्स. मार्गशीर्षातला गुरुवार, २०२०

लॉकडाऊनमुळे शिवणवर्ग ऑनलाइन. आज बाईंनी सगळ्यांसमोर माझा तुकडा नाकारला.

मध्ययुगातल्या युरोपी कपड्यांवरचं काम शिकतेय. दोन कापडं धरून वेलीच्या दुहेरी ओळी शिवायच्या, मग मागून दोरी ओवून वेल उठवायची. माझी छान उठलीय. पण कड मिटण्याआधी मी आत पाच तांदूळ घातले. गोधडी उपाशी मिटू नये, असं आई सांगायची. बाई म्हणाल्या, किडे होतील, उसवा, नाहीतर सगळ्यांचे तुकडे जोडून होणाऱ्या रजईत हा बसणार नाही.

लेक शेजारून कुजबुजली, "आई, जस्ट टेक इट आउट. कोणाला कळणारे?"

मला कळेल ना.

बाईंनीच सांगितलं होतं, त्या काळी अंगरख्यांत लोकर, चिंध्या काय काय कोंबायचे. मग माझ्या पाच तांदळांनीच काय बिघडतं? सरळ म्हटलं, "नो मॅडम, उसवणार नाही."

रजईत नको तर नको. आरतीनंतर तुकडा देवीपुढे अंथरला, त्यावर नैवेद्याचं ताट ठेवलं. उपास माझा होता, त्याचा नाही.