मालकाविना एक दिवस

३ जून
अखेर निर्णय. कारखाना माझ्याशिवाय चालला पाहिजे. आमचे बाटली धुण्याचे ब्रश घेणाऱ्या मोठ्या कंपनीची तशी अटच आहे. सोमवारी त्यांची ऑडिटर बाई येणार. मी दिवसभर गैरहजर. काम अडलं नाही, तर तीन वर्षांची ऑर्डर. अडलं, तर कारखान्याला टाळं. मी घाबरलेलो नाही. छातीत धडधडतंय ते चहामुळे.

५ जून
पूर्ण प्रोसेस बोर्डावर लिहिली. प्रत्येक टप्प्यापुढे जबाबदार माणूस. सगळीकडे माझंच नाव आलं. बायको म्हणाली, अहो, तार तुम्ही बघणार, ती पिळणं तुम्ही बघणार, मग सोमवारी आम्ही काय तुमचा फोटो बघायचा? नाव पुसलं. तरी पुसट दिसतंय. डस्टर खराब आहे.

६ जून
रंगीत तालीम. घरी थांबलो. कारखान्यात फक्त चौकशीचे फोन केले. मेहुणा वैतागला. म्हणाला, दाजी, तुम्ही गैरहजर आहात, जरा गैरहजर माणसासारखं वागा.
उद्धट आहे. सोमवारी रडत येईल.

९ जून, सकाळ
घरी बसणं धोक्याचं. मागच्या दाराने गोदामात शिरलो. खोक्यांमागे आहे. हे लपणं नव्हे, निरीक्षण.

९ जून, दुपार
यंत्रं चालू. कोणी हाक मारत नाही. सकाळी काम बंद पडेल म्हणून काळजी होती. आता बंद पडत नाही म्हणून आहे. पॅकिंगच्या मावशी चक्क गाणं म्हणतायत. माझ्यासमोर कधी म्हटलं नाही.
मेन स्विच इथेच आहे. एकदाच खाली करतो. सिस्टिम तपासायला. बघू, कोणाला माझी आठवण येते.

९ जून, संध्याकाळ
मावशी थेट खोक्यांमागे आल्या. म्हणाल्या, मालक, सरका जरा. त्यांनीच स्विच वर केला. मागे ऑडिटर बाई! तिने विचारलं, हे इथे आहेत हे कसं कळलं? मावशी म्हणाल्या, बोर्डावरच आहे की, लाइट गेली तर आधी मालक शोधायचे.
ती ओळ मी लिहिलेली नाही. अक्षर बायकोचं.

१२ जून
ऑर्डर मिळाली! बिघाडाचं कारण तत्काळ शोधण्याची पद्धत उत्कृष्ट, असा शेरा. म्हणजे माझ्या धाडसी चाचणीचं यश. सुधारणा एकच सुचवली: गोदामाला कुलूप, चावी मावशींकडे.
चष्मा खोक्यांमागेच राहिलाय. मावशींकडे मागितला. म्हणाल्या, आज गोदाम बंद, प्रोसेसप्रमाणे उद्या या.
हे अंदाजाने लिहितोय.