तळाचा पत्रा

४ जानेवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तुमचं अक्षर आलं आणि ते बघायला हे नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. सख्खे भाऊ असून तुम्ही शेवटच्या दर्शनालाही का आला नाहीत, असं सगळे मला विचारून गेले.

काम वेगळंच आहे. ह्यांची जुनी गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. तळाची पार चाळण झाली होती. ह्यांनी सीटा काढल्या, ड्रायव्हरच्या बाजूचा गंजका पत्रा कापला आणि दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता गेले. आता दार उघडलं की थेट जमीन दिसते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. म्हणाला, ही गाडी कसली, टोपली आहे. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुमचा सारा जन्म बसच्या डेपोत पत्रे ठोकण्यात गेला. चार दिवस येऊन नवा तळ बसवून द्याल का?

माया आटली नसेल तर उत्तर धाडा.

तुमची वहिनी

१५ जानेवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

येणं जमणार नाही. हात थरथरतात. कपबशी सरळ धरवत नाही, तिथं वेल्डिंग कुठलं! पण भंगारात देऊ नका. तुम्हीच करा. हसू नका. चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतलेत, पत्रा म्हणजे जाडं कापडच.

पेट्रोलची टाकी आधी उतरवून शेडबाहेर ठेवा. हे विसरलात तर दादाशेजारी तुमचाही फोटो लागेल. दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे अँगल लावा, नाहीतर तळ निघाल्यावर गाडी मधोमध बसेल आणि दारं पुन्हा लागायची नाहीत. गंज संपून चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जा, तिथं दया दाखवू नका. वेल्डिंगचे टाके लांब लांब मारा. एकाच जागी लागोपाठ मारले तर पत्रा तापून चुणतो.

डोळ्यांना जपा. चुकलं तर माझ्या नावानं बोटं मोडा, पण कळवा.

तुमचा धाकटा दीर

९ फेब्रुवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

गल्लीतल्या ग्रिलवाल्यानं मशीन दिलं आणि हात धरून शिकवलं. पहिल्या दिवशी मी जोडण्याऐवजी भोकंच पाडली. आता बरं जमतं. ड्रायव्हरची बाजू बसली.

पण डावीकडचा गालिचा उचलला तर खाली बोटभर डांबर. ते खरवडलं तर रिबिटांनी मारलेलं ठिगळ, आणि त्याखाली नुसता गंजाचा भुगा. ग्रिलवाला म्हणाला, ज्यानं हे केलं त्याला आतली कीड दिसली होती, त्यानं ती मुद्दाम झाकली. मी त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. कोणाचं काम असेल, तुम्हाला काही अंदाज?

प्रकृती सांभाळा, आणि आमची आठवण असू द्या.

वहिनी

२० फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

त्या शिव्या मला पोचल्या. ते काम माझं.

नऊ वर्षांपूर्वी दादानं गाडी विश्वासानं माझ्याकडे सोडली होती. मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही. गंजावरच दोन्हीकडे ठिगळं मारली, डांबर फासलं आणि वीस वर्षं बघायला नको म्हणून सांगितलं. चौथ्या महिन्यात चालत्या गाडीत त्याचा पाय पत्र्यातून खाली गेला. टाच सोलून निघाली. तो डेपोत आला आणि एवढंच विचारलं की गंज तुला दिसला होता का. हो म्हणायला काय जात होतं? मी चारचौघांत त्याच्यावरच उखडलो, त्याला गाडी राखता येत नाही म्हणालो. तो निघून गेला. त्या भोकावर फळी टाकून गाडी चालवत राहिला, असं मागाहून कानावर आलं.

उत्तर नाही आलं तरी समजेन.

धाकटा

१२ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून आठ दिवस मशीनला हात लावला नाही. टाच सोलली तेव्हा हे मला म्हणाले होते, पायरीवरून घसरलो. तुमचं नाव राखायला माझ्याशी खोटं बोलले आणि मी नऊ वर्षं त्या बिचाऱ्या पायरीला दोष देत बसले. तुमच्यावर रागावले, ह्यांच्यावर त्याहून जास्त. दोघंही सारखेच हट्टी. पण ह्यांच्याशी भांडायची सोय आता उरली नाही.

मग उठले आणि तुमचं ठिगळ मुळापासून कापून काढलं. डावीकडचे थोडेच टाके राहिलेत. एकदा येऊन बघा. काम करू नका, नुसते बसा.

रागावले आहे, तरी वाट बघते.

वहिनी

२५ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

मी आलो होतो. परवा, शनिवारी, दुपारी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर शेडचं दार उघडं होतं. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, पायांत दादाचे बूट. आतून हातोडीचा आवाज येत होता. मी हाक मारली, दादा म्हणून. आवाजात तुम्हाला ऐकू गेली नसावी. मग लक्षात आलं. मागच्या मागे फिरलो आणि मिळेल त्या बसनं घरी आलो.

आता पुन्हा यायचं बळ नाही. क्षमा असावी.

धाकटा

१ एप्रिल

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

हाक ऐकू आली होती. अगदी ह्यांच्यासारखा आवाज, म्हणून मीही क्षणभर फसले. बाहेर येईपर्यंत गल्ली रिकामी.

येत्या रविवारी मी गाडीखाली नसेन. शेडच्या दारात, उजेडात उभी राहीन, म्हणजे लांबूनही तुमची चूक होणार नाही. तिथं मी असेन आणि हे नसतील. एवढं एकदा आपण दोघांनी मिळून बघून घेऊ.

पहिल्या बसनं निघा.

तुमची वहिनी